उन्हाची बाजू, सावलीची बाजू

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची, कारण आजपासून मी इतिहासकार आहे. व्यापारी संघाच्या सभेत एकमताने ठरलं की राजरस्त्याच्या इतिहासाची पुस्तिका चिटणीसबाईंनी लिहावी. चिटणीसबाई म्हणजे मी. एकमत झालं, कारण बाकी कोणालाच लिहायचं नव्हतं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे आता जेवताना रोज इतिहास." आमचे हे बँकेत असतात. त्यांना कशात थरार असतो ते कळत नाही.

पुस्तिका हवी आहे ती नगरपालिकेसाठी. राजधानीतला हा सगळ्यात मोठा बाजाररस्ता वाहनांना बंद होणार, दोन्ही बाजूंच्या इमारती मागून नव्याने बांधणार. रस्त्यावरची, तळमजल्याची जागा मिळणार ती फक्त शंभर वर्षं चाललेल्या दुकानांना. बाकीच्यांना दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर बटणं घ्यायला कोण चढणार? तिथे गेलो की दुकान वर्षभरात बंद, हे मला कोणी सांगायला नको.

पण आम्हाला काळजी नाही. आमच्या पाटीवर ठसठशीत लिहिलं आहे: स्थापना १९१२. माझ्या आजोबांनी काढलेलं दुकान. बाबा आजोबांबद्दल फार बोलत नाहीत, पण त्या पिढीचे पुरुष कशाबद्दलच बोलत नसत.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण झालं. मला स्वतःला फार आवडलं.

हा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेला जातो, त्यामुळे त्याची एक बाजू दिवसभर उन्हात आणि एक सावलीत. त्यावरून सगळा धंदा ठरला. कापड, रेशीम, टोप्या, चामडं ही उन्हाने विटणारी दुकानं सावलीच्या बाजूला. कुलपं, काचसामान, भांडी, बटणं उन्हाच्या बाजूला. बडी गिऱ्हाइकं सावलीतून चालत, म्हणून तिकडची भाडी दुप्पट आणि नाकं चौपट वर. ट्राम आली, गेली, बँका आल्या, आता मोबाइल आले. पण ऊन आणि सावली जागची हलली नाहीत.

आमचं दुकान उन्हाच्या बाजूला, अकरा फूट रुंद. भिंतभर लहान खण, प्रत्येक खणावर आतलं बटण डकवलेलं. दारात बाबांचं स्टूल. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, पण साडेआठला हजर असतात आणि समोरचं शटर वर गेल्याशिवाय आपलं उघडू देत नाहीत. हिशेबी माणूस. गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे कशाला जाळायचे, असा त्यांचा विचार असणार.

दुपारी ऊन थेट स्टुलावर येतं. आत बसा म्हटलं तर बसत नाहीत. टोपी घाला म्हटलं तर हसतात. बरोबर समोर शहरातलं सगळ्यात जुनं टोप्यांचं दुकान आणि ह्यांचं डोकं उघडं. पण ते रस्ता ओलांडतील तर ना. मला आठवतं तसं बाबा सावलीच्या बाजूला एकदाही गेलेले नाहीत. वाहनांची भीती. काही माणसांना पाण्याची असते तशी.

९ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार म्हणजे समोर बटणांचा डबा पोचवायचा दिवस. टोपीवाल्या बाई टोप्यांना लावायची बटणं, फिती, बकलं आमच्याकडूनच घेतात. आई होती तोवर डबा आई न्यायची, आता मी नेते. डब्यात बाबांची चिठ्ठी असते, एकच ओळ: "रंग जुळला का कळवावे." उलट चिठ्ठीत बाईंचा एकच शब्द: "जुळला." धंद्यापुरता संबंध कसा ठेवावा ते ह्या दोघांकडून शिकावं.

बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. अजून स्वतः टोपीला आकार देतात. डबा घेताना विचारतात, "ऊन लागतंय का तिकडे?" मी म्हणते, लागायचंच. हे संभाषण सतरा वर्षं चालू आहे.

आज मात्र मी मनातली खुटखुट काढलीच. त्यांच्या पाटीवरही स्थापना १९१२ आहे. आमचंच साल. म्हटलं, "बाई, योगायोगच म्हणायचा."

"योगायोग कसला," बाई म्हणाल्या. "एकट्याने किती मागे राहायचं?"

वयामुळे कधीकधी त्या असं अर्धवट बोलतात.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सभा गाजवली. नगरपालिकेचं जुनं दप्तर केव्हाच आगीत जळालं आहे, त्यामुळे पुरावा काय तर दुकानाची पाटी. हे कळल्यावर रातोरात पाट्या रंगायला लागल्या. नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने तर "स्थापना १८९०" लावलं. आता सगळा रस्ता त्याला अठराशेनव्वद म्हणूनच हाक मारतो आणि तो ओ देतो.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, ह्या रस्त्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. इथे पाटी टाकून देत नाहीत, जुन्या रंगावरच नवा रंग चढवतात. तेव्हा प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बोटभर खरवडून बघा. खरं काय ते खाली निघेल. नगरपालिकेच्या अधिकारीबाईंनी लगेच टिपून घेतलं. संग्रहालयातला तज्ज्ञ येणार. सुरुवात आमच्या पाटीपासून करा, असंही मी सांगून टाकलं.

काही जणांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटात पाय दिला. दिला तर दिला.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा चार दिवसांत माझ्याशी चार वाक्यं बोलले. त्यातली तीन अशी: "पाटीला हात लावायचा नाही."

मी समजावलं, रंग परत लावून देणार आहेत. पुरावा आपल्याच बाजूने आहे. ते म्हणाले, "तुला विचारून घ्यायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "तुम्हाला सांगायला काय झालंय?" मग ते बटणं मोजत बसले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो. आमचे हे म्हणाले की तरुणपणीही होतो, आणि माझ्याकडे बघून चहा प्यायले.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

समोरचं शटर आज उघडलं नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, बाबा आपलंही उघडू देईनात. दोन गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी मला म्हणाले, "जाऊन ये."

"कशाला? आज शनिवार आहे का?"

"जाऊन ये म्हटलं ना."

गेले. बाईंना ताप होता, वरच्या खोलीत झोपल्या होत्या. डॉक्टर बोलावला, पेज करून दिली. खिडकीतून बघते तर बाबा फुटपाथच्या अगदी कडेला उभे, एक पाय जवळजवळ रस्त्यावर. मी हात हलवला, सगळं ठीक म्हणून. तरी ते तासभर तिथेच होते. सबंध दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. इतक्या जुन्या गिऱ्हाइकाचं काही झालं तर धंद्याचं कसं, ही काळजी मला समजते. पण जरा अतीच केलं.

५ मार्च, मंगळवार

इतिहासकार आहे, म्हणून लिहिते.

सकाळी तज्ज्ञ आला. काडीसारखा माणूस, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. शिडीवर चढला, कापसाचा बोळा द्रावणात बुडवला, नाजूक पात्याने सालाच्या आकड्यांवर खरवडायला लागला. खाली अर्धा रस्ता जमला होता. मी मध्ये उभी, नव्या साडीत.

पहिला थर १९१२. त्याखाली १९२१. मी म्हटलं, रंगाऱ्याची चूक असेल. त्याखाली १९३८. कोणीतरी हसलं. त्याखाली १९५६.

आमचं दुकान त्रेसष्ट वर्षांचं आहे. बाबांपेक्षा एकवीस वर्षांनी लहान.

तज्ज्ञ थांबला नाही. १९५६ च्या खाली अजून रंग होता. तासाभराने रंगात हातभर खिडकी उघडली आणि तिच्यात निघाली सोनेरी टोपी. टोपीखाली समोरच्या बाईंच्या घराण्याचं नाव आणि साल १९०३.

म्हणजे पाटी शंभर वर्षांची आहे. फक्त आमची नाही. अठराशेनव्वदने टाळ्या वाजवल्या. मी आत गेले आणि खणांच्या मागे उभी राहून रडले. ज्या सुरीने कापलं तिला मीच धार लावून दिली होती.

६ मार्च, बुधवार

बाबांनी आज सांगितलं. स्टुलावरून रस्त्याकडे बघत, जणू दुसऱ्याचीच गोष्ट.

आजोबांचा दुकानाशी काही संबंध नव्हता. बाबा सोळाव्या वर्षी समोरच्या टोप्यांच्या दुकानात कामाला लागले. पाच वर्षं तिथे होते. मग मालकांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, एक दिवस बोलावून सांगितलं, उन्हाच्या बाजूला आपली माल ठेवायची खोली आहे, ती तुला देतो, तिथे बटणं विक. दुकान मोठं केल्यामुळे त्यांना लांब पाटी लागणार होती, ती जुनी छोटी पाटीही दिली.

"एवढं दिलं? फुकट?" मी विचारलं.

"फुकट नाही. परत सावलीच्या बाजूला पाय ठेवायचा नाही म्हणाले."

गिऱ्हाइकं फुटतील म्हणून मालकांनी अट घातली असणार. मोठे व्यापारी असेच असतात. मी विचारलं, मग साल का मागे नेलंत? दर वेळी पाटी रंगवताना?

बाबा म्हणाले, "समोर १९०३ होतं. आपलं १९५६. फार लांब दिसायचं."

प्रतिष्ठेचा प्रश्न. मला राग आला होता, पण गेला. उघड्या डोक्याने त्रेसष्ट वर्षं उन्हात बसलेल्या माणसावर किती रागवायचं? दुसरा मजला तर दुसरा मजला. पण मी अशी सुखासुखी जाणार नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज समोरची पाटी खरवडली. मी मुद्दाम गेले. आपलं पितळ उघडं पडल्यावर दुसऱ्याचं बघायला जावं हे चांगलं नाही, पण गेले.

वरचा थर १९१२. खाली १९१०. त्याखाली, सगळ्यात तळाला, १९०३. मी तज्ज्ञाला म्हटलं, उलटं झालं का हो काहीतरी? तो पहिल्यांदाच बोलला. "वीस वर्षं हे काम करतोय. दुकान म्हातारं केलेलं शेकड्याने बघितलं. तरुण केलेलं हे पहिलंच."

बाईंनी स्वतःचं दुकान नऊ वर्षांनी लहान करून घेतलं, आणि तेही वडील गेल्यानंतर. धंद्याची अक्कल म्हणून नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ती पाटी लांब, म्हणजे १९५६ ला केलेली. स्क्रूसुद्धा त्याच काळातले. तिच्यावर १९०३ लिहिलं असलं तरी ती पुरावा होत नाही. बाईंचा पुरावा आमच्या रंगाखाली आणि आमची जागा त्यांच्या नावाखाली. दोघंही दुसऱ्या मजल्यावर.

९ मार्च, शनिवार

डबा घेऊन गेले. बाई टोपीला वाफ देत होत्या. ताप उतरला आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "अर्ज एकच करायचा. दुकान एकच आहे म्हणायचं, रस्ता मध्ये आला इतकंच."

काय डोकं! मी आनंदाने त्यांना मिठीच मारली. खोली मुळात त्यांची, पाटी त्यांची, माल आमचा त्यांच्या टोप्यांवर. एकाच दुकानाचे दोन भाग. कायद्यात बसतं की नाही ते बघू, पण बसवू.

बाबांना येऊन सांगितलं. त्यांनी हातातली बटणं खाली ठेवली. मग म्हणाले, "असं त्या म्हणाल्या? दुकान एकच आहे असं?"

"हो. युक्ती त्यांचीच."

"परत सांग. कसं म्हणाल्या?"

तीन वेळा सांगायला लावलं. कानाचं काहीतरी बघायला हवं.

१९ मार्च, मंगळवार

सुनावणी. नगरपालिकेची खोली, लांब टेबल, पंखा गरागरा. बाई आणि बाबा एका बाजूला बसले, मध्ये मी. रस्त्याच्या एकाच बाजूला त्या दोघांना मी आज पहिल्यांदा पाहिलं. दोघं अवघडून बसले होते. 

अधिकारीबाई कडक होत्या. "दुकान एक म्हणता. एवढ्या वर्षांत व्यवहार अखंड होता ह्याला पुरावा?"

बाईंनी टोप्यांच्या तीन पेट्या टेबलावर ठेवल्या. उघडल्या तर चिठ्ठ्या. "रंग जुळला का कळवावे." प्रत्येक शनिवारची, तारीखवार, एक चुकलेली नाही. मी थक्क झाले. इतकी शिस्त!

मग बाबा वाकले आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. हा डबा आमच्या गल्ल्याखाली असतो, मी गेली सतरा वर्षं त्यावर पाय ठेवून बसते. मला वाटायचं फुटकी बटणं आहेत. त्यात चिठ्ठ्या. "जुळला." "जुळला." "जुळला." ज्या माणसाला मागच्या महिन्याचं विजेचं बिल सापडत नाही, त्याने एवढी टापटीप कुठे लपवली होती?

अधिकारीबाई वाचत राहिल्या. दहा-बारा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. जुन्या कागदांची धूळ फार.

"एकच प्रश्न," त्या म्हणाल्या, आवाज जरा खाली आला होता. "शेजारी सांगतात की हे गृहस्थ एकदाही तुमच्या दुकानात आले नाहीत."

"माझ्या वडिलांची तशी अट होती," बाई म्हणाल्या.

"वडील कधी गेले?"

"बहात्तर साली."

"त्यानंतर का नाही आले?"

बाईंनी एका पेटीचं झाकण लावलं. बाबा म्हणाले, "तोवर माझं लग्न झालं होतं."

लग्नाचा इथे काय संबंध? सरकारी खोलीत बाबा गोंधळतात. मी सावरायला गेले, "साहेब, त्यांना गाड्यांची भीती वाटते," पण अधिकारीबाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुझी आई फार मोठ्या मनाची होती. तुझं बाळटोपडं ती स्वतः येऊन माझ्याकडून करून घेऊन गेली." आईचा विषय कुठून निघाला कोण जाणे, पण बरं वाटलं. डोळे भरून आले.

२ एप्रिल, मंगळवार

मंजूर! "एकच आस्थापना, दोन बाजूंना, स्थापना १९०३." दोन्ही जागा रस्त्यावरच्या, दोन्ही तळमजल्याच्या. सही, शिक्का.

सुनावणीचा वृत्तान्त फुटल्यापासून सगळे आपापल्या पाट्यांखाली कोणाची पाटी आहे ते शोधत सुटले आहेत. कुलूपवाल्याखाली काचवाला निघाला, काचवाल्याखाली एक दाढी करणारा. बोलणं बंद असलेली माणसं एकमेकांच्या दारात जाऊन बसतात. मोबाइलच्या दुकानाखालीही खरंच काहीतरी निघालं, १९०८ चा दिवेवाला, आणि अठराशेनव्वद त्याच्या नातवाला शोधायला गेला आहे.

पुस्तिका मी पहिल्यापासून परत लिहितेय. जुनी फाडली. ती खोटी होती, आणि आता कळतं की कंटाळवाणीही होती. नव्यात सरळ लिहिलं आहे की ह्या रस्त्यावर आपलं वय खरं सांगणारं एकही दुकान नाही, आणि एकही दुकान एकट्याचं नाही. आमचंच उदाहरण पहिलं दिलं आहे. आमचे हे पुस्तिका वाचून म्हणाले, "छान आहे. पण मुख्य गोष्ट तुझ्या लक्षातच आली नाही." विचारलं तर सांगत नाहीत, नुसते हसतात. प्रूफ त्यांना दाखवायचंच नाही असं ठरवलं आहे.

१ जून, शनिवार

आजपासून राजरस्ता वाहनांना बंद. सकाळी फीत कापली, भाषणं झाली, त्यातलं एक माझं. माझं चांगलं झालं.

बाबा पहाटेच उठून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. समारंभासाठी असेल म्हटलं. पण समारंभात त्यांचं लक्ष नव्हतं. माणसं पांगल्यावर मी शनिवारचा डबा उचलला तर म्हणाले, "आज मी नेतो."

फुटपाथच्या कडेला जरा थांबले. मी हात धरायला गेले, त्यांनी सोडवला. मग खाली उतरले. रस्त्याच्या बरोबर मध्यावर पुन्हा थांबले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एक सायकलसुद्धा नव्हती. मग पलीकडे गेले. बाई दारातच उभ्या होत्या. शटर आज त्यांनी पूर्ण वर केलं होतं.

दीड तासाने परत आले ते डोक्यावर टोपी घालून. करड्या रंगाची, रुंद काठाची. असला आकार आता कोणी घालत नाही, माझ्या लहानपणीही घालत नसत. बाईंनी जुन्या मालातली काढून दिली असणार. फितीवर एक बटण शिवलेलं, आमच्याच खणातलं, शिंपल्याचं. ते बटण येणं बंद होऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील.

टोपी मात्र बरोबर मापाची. केसभर सैल नाही की घट्ट नाही. मी विचारलं, माप घेतलं का बाईंनी? बाबा म्हणाले, घेतलं नाही. ह्याला म्हणतात कारागिरी.

दुपारी ऊन स्टुलावर आलं तेव्हा बाबा टोपी घालून बसले होते आणि समोर बघत होते. चिठ्ठी डब्यातच राहिली आहे का बघायला मी डबा उघडला. रिकामा होता. तेव्हा मीच विचारलं, "रंग जुळला का त्यांना?"

"जुळला," बाबा म्हणाले.

एकूण काय, त्यांना गाड्यांचीच भीती होती. मी पहिल्यापासून म्हणत होते.